गाठ बसली तर चहा

पहिल्याच दिवशी त्या बाईने माझी पापणी ओढली. कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, हातात ऑर्डरचा कागद धरून मी वॉर्डाच्या दारात उभी. "नमस्ते सिस्टर" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझी हनुवटी धरली, मला खिडकीशी नेलं आणि म्हणाल्या, "वर बघ." मी मुकाट वर पाहिलं. अंगठ्याने दोन्ही पापण्या खाली ओढून तपासल्या आणि म्हणाल्या, "पिवळे नाहीत. रक्त कमी आहे. पालेभाजी खात जा. चल, कामाला लाग." माझं नाव त्यांनी दुपारी विचारलं.

मी अमरावतीकडची. नवऱ्याची बँकेतली बदली सुरतेला झाली म्हणून त्याच्यामागे आले आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात लागले. नव्वदच्या पुढची ती वर्षं. आमचा वॉर्ड लिव्हर, पित्ताशय आणि स्वादुपिंडाच्या रोग्यांचा. पण एवढं लांबलचक कोण बोलतो? आमचे लोक कावीळवाला वॉर्ड म्हणायचे, गुजराती लोक कमळ्याचा वॉर्ड. आणि ह्या बाई त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. त्यांना सगळे बेन म्हणत. मोठे डॉक्टर, आया, रोगी, गेटवरचा पहारेकरी, सगळ्यांच्या त्या बेन. हजेरीवर त्यांचं खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून मीही ते सांगत नाही.

बेन खानदेशातल्या. लग्न झालं होतं म्हणे, पण टिकलं नाही. सुरतेच्या लिंबायत भागात थोरल्या भावाच्या घरी राहायच्या. उंचीला बुटक्या, आवाजाने मोठ्या, आणि चालायच्या अशा तरातरा की मागून जाणाऱ्याला धाप लागावी. मला पहिले सहा महिने त्यांचा भयंकर राग यायचा. मी काही गरीब गाय नव्हे, उलट उत्तर द्यायला मी मागेपुढे पाहत नाही. पण ह्या बाईपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

पापण्या ओढायचा त्यांना नादच होता. रिक्षावाला, भाजीवाली, लिफ्टवाला, कुणीही सुटायचं नाही. आमच्या एका सिस्टरच्या लग्नात बेन अहेर द्यायला स्टेजवर चढल्या आणि त्यांनी चक्क नवरदेवाला खाली उतरवून मांडवाच्या दारात, उजेडात नेलं. "वर बघा जावईबापू." सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. मुलीची आई मात्र रडकुंडीला आली, बाप्पा! डोळे स्वच्छ निघाले म्हणून बरं, नाहीतर वरमाईने आम्हाला जेवू दिलं नसतं.

ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ट्यूबच्या उजेडात सगळेच पिवळे नाहीतर सगळेच गोरे," म्हणायच्या. कावीळ बघायची ती उन्हाच्या उजेडात. म्हणून सकाळी प्रत्येक रोग्याला पूर्वेच्या खिडकीशी न्यायचं, उठता येत नसेल तर खाटेसकट. खाटा ओढून ओढून आमच्या कमरा गेल्या. दुसरा त्यांचा शत्रू म्हणजे मीठ. लिव्हर बिघडलं की पोटात पाणी साचतं, आणि मीठ पोटात गेलं की आणखी साचतं. तेव्हा अळणी खिचडी, अळणी वरण. रोग्यांची बायकामाणसं काय काय लपवून आणायची! पापड उशीच्या खोळीत, लोणचं पावडरच्या डब्यात. बेन वासावर काढायच्या. पकडलेला पापड रोग्यासमोर स्वतः कुडुमकुडुम खायच्या आणि वर म्हणायच्या, "चांगला आहे. घरी गेलास की तुझ्या बायकोला सांगेन, मलाही दे."

पण एक गोष्ट त्यांच्या वॉर्डात करायची नाही. "दारू पीत होतास का?" हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नाही. विचारायचाच असेल तर वाकून, कानात, आणि घरचं माणूस जवळ नसताना. एका शिकाऊ डॉक्टरने एकदा बायकोपोरांसमोर विचारला, तर बेन थर्मामीटर झटकत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काय काय करता ते मी सगळ्यांसमोर विचारू?" बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बेनच्या थोरल्या भावाने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, तरी त्याचं लिव्हर खराब होतं. जुन्या काविळीने आतून पोखरलेलं. आणि लिंबायतची सगळी गल्ली त्याला बेवडा समजायची. हे मला फार नंतर कळलं.

आता गाठीचं सांगते.

लिव्हर फार थकलं की रक्तातली घाण गाळली जात नाही, ती डोक्यात चढते. माणूस हळूहळू भ्रमात जातो, मग गुंगीत, आणि मग उठत नाही. सुरुवातीला ओळखलं तर पोट साफ करणारं औषध देऊन परत आणता येतो. पण सुरुवात फार फसवी असते. माणूस बसलेला असतो, बोलतो, हसतो. फक्त हात किंचित थरथरतो, बोटं आपलं ऐकत नाहीत. डॉक्टर हात पुढे करायला सांगतात, सही करायला सांगतात. आमच्या वॉर्डात सही येणारे कितीसे असायचे? निम्मे रोगी कापडाच्या मागांवर काम करणारे, लिंबायतचे, डिंडोलीचे, आमचेच मराठी लोक. अंगठेबहाद्दर.

म्हणून बेनच्या खिशात सुताची रीळ असायची. सकाळी प्रत्येक मागवाल्याच्या हातात तुटका धागा द्यायच्या. "गाठ मार." मागावर धागा तुटला की कामगार चालत्या मागाशेजारी उभा राहून डोळ्याचं पातं लवायच्या आत तो जोडतो. बारीकशी गाठ, कापडात दिसायचीही नाही. ती गाठ नीट बसली तर बेन खूश. "गाठ बसली तर चहा, नाहीतर डागतर!" आणि खरंच, ज्याची बसली त्याला त्यांच्या थर्मासमधला अर्धा कप. ज्याच्या बोटांत धागा घुटमळला त्याच्यासाठी त्या स्वतः डॉक्टरांना बोलवायला धावायच्या. हिऱ्याच्या कारखान्यातल्या पोराला मुगातले खडे निवडायला द्यायच्या, शिंप्याला सुई ओवायला. ज्याचं जे काम ते. मोठे डॉक्टर गुजराती, मोठा दिलदार माणूस. राउंडला आले की आधी विचारायचे, "बेन, गांठ?" आणि एक धागा स्वतःही बांधून बघायचे. त्यांची कधी बसली नाही. तरी चहा मागायचे.

ही गाठ बेनला भावानेच शिकवली होती. लहानपणी आई गेली, भाऊ सुरतेला मागावर लागला, मागोमाग हिलाही घेऊन आला. दुपारी त्याचा डबा घेऊन जायची, आणि डबा खाऊन होईपर्यंत तो हिला धागे देऊन बसवायचा. पुढे त्यानेच नर्सिंगला घातलं. बेन कुणालाही मान द्यायच्या नाहीत, पण "दादा" म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आणि एक शेवटचं, मग पुढे जाते. बेन खोटा धीर द्यायच्या नाहीत. बायका पदर पसरून विचारायच्या, "बेन, वाचेल ना?" आम्ही म्हणायचो, देव आहे, सगळं ठीक होईल. बेन म्हणायच्या, "माहीत नाही. आज गाठ बसली. उद्याचं उद्या बघू." मला ते निर्दयपणाचं वाटायचं. एकदा बोललेही तसं. तर म्हणाल्या, "तू खोटं बोलून घरी जातेस. ती इथेच बसते."

मग एका उन्हाळ्यात दादाच आमच्या वॉर्डात आले.

खिडकीजवळची खाट. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, डोळे हळदीसारखे. गप्प माणूस, पण जेवण आलं की तोंड सुटायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज लिंबायतहून डबा घेऊन यायची. डबा उघडला की ह्यांचं सुरू. "हे काय जेवण आहे? गुराला घाल." बिचारी खाली मान घालून भरवायची. बेन म्हणाल्या, "वहिनी, मनावर घेऊ नकोस. मीठ होतं तेव्हाही तो असंच म्हणायचा." वहिनी हसली. म्हणाली, "लग्नापासून एकदा चांगलं म्हटलं नाही, ताई. आता अळणीला काय म्हणतील?"

ह्या दोघी आपसात अहिराणीत बोलायच्या. मला जेवढं समजायचं तेवढं आपल्या मराठीत सांगते आहे.

बेन भावाचं सगळं स्वतः करायच्या. पोटाला टेप लावून घेर बघायचा, वजन, औषध, खाजेने अंग ओरबाडू नये म्हणून नखं कापायची, गार पाण्याने पुसायचं. आणि सकाळी धागा. दादा गाठ मारायचे आणि उरलेलं टोक दातांनी तोडायचे. जुनी सवय. मग बेन चहा द्यायच्या, आणि दादा म्हणायचे, "गोड कमी आहे."

त्या दिवशी वहिनी रिकामा डबा घेऊन व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चेहरा कसातरीच. मी शेजारीच पट्ट्यांचा ट्रे लावत होते. बेन म्हणाल्या, "काय गं?"

"आज खिचडी चांगली झाली म्हणाले."

"काय?"

"खिचडी चांगली व्हयनी, असं म्हणाले. सगळी खाल्ली. माझ्या हातावर हात ठेवला." वहिनीने डोळ्याला पदर लावला. "ताई, मला भीती वाटते. हे असं बोलत नाहीत."

मला हसू आलं. बेनही हसल्या, आणि त्यांनी वहिनीच्या पाठीत एक गुद्दा घातला. "वेडी आहेस का? इतक्या वर्षांनी नवरा गोड बोलला तर ही रडते! ये, दाखवते तुला."

आम्ही तिघी खाटेशी गेलो. बेननी रीळ काढली, धागा तोडला. "दादा, गाठ मार." दादांनी धागा घेतला. बोटं फिरली, गाठ बसली, टोक दातांनी तोडलं. इतकी बारीक की उजेडात धरून शोधावी लागली. बेननी ती वहिनीच्या डोळ्यांसमोर नाचवली. "बघ. माणूस ठिकाणावर आहे." आणि चहा ओतला. दादा चहा प्याले. गोड कमी आहे म्हणाले नाहीत. हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही, बेनच्या आलं की नाही ते देव जाणे.

वहिनी घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हाकेला ओ देईनात. मग सगळी धावपळ, सगळ्या नळ्या, एनिमा, मोठे डॉक्टर स्वतः खाटेशी बसलेले. पण ते परत आले नाहीत. दोन दिवस तसेच राहिले आणि गेले.

मोठ्या डॉक्टरांनी बेनना आपल्या खोलीत बसवून समजावलं. त्यांनी जे सांगितलं ते मला बेननीच नंतर सांगितलं. ती गाठ त्या माणसाच्या बोटांत इतकी मुरली होती की डोकं निघून गेल्यावरही बोटं काम करत राहिली. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत धागा बरोबर सांगायचा, ह्यांच्या बाबतीत नाही. आणि डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी कळलं असतं तरी वाचलेच असते असं मी सांगू शकत नाही. बेन म्हणाल्या, "सांगू शकत नाही म्हणाले. नसते वाचले असं नाही म्हणाले." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला रडू आवरेना आणि त्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही.

सुतकातून परत आल्या त्या दिवशी त्यांनी खिशातली रीळ काढली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. मोठे डॉक्टर राउंडला आले, सवयीने म्हणाले, "बेन, गांठ?" आणि जीभ चावली. त्या दिवसापासून बेन रोग्याला विचारीनाशा झाल्या. खाटेशी बसलेल्या बाईला विचारायच्या, आईला, मुलीला, जी कोण असेल तिला. "आज माणूस तुमचाच आहे ना?" पहिल्यांदा बायका गोंधळायच्या. "म्हणजे काय बेन?" "म्हणजे, रोज शिव्या देतो तर आज दिल्या का? रोज रडतो तर आज रडला का? काही चांगलं वागला का?" एका पोरीने सांगितलं की बापाने आज न मागता तिला वीस वेळा सॉरी म्हटलं. बेन उठून पळतच सुटल्या. तो बाप वाचला. पुढे दोनचार महिन्यांनी पपया घेऊन आम्हाला भेटायला आला, आणि बेननी त्याची पापणी ओढली.

पण घरी? एकाच घरात दोघी, सकाळ-संध्याकाळ एका चुलीशी. वहिनी एका शब्दाने काही बोलली नाही. बेन डबा खाताना मला म्हणायच्या, "ती मला विचारत का नाही? तिने सांगितलं होतं, हे असं बोलत नाहीत. मी तिच्या पाठीत गुद्दा घातला. भांडायला हवं तिने. मला चार शिव्या द्यायला हव्यात." मी म्हटलं, मग तुम्हीच बोला ना. तर म्हणायच्या, "बोलेन. बोलेन." ती बाई, जिने डॉक्टरांना घाबरून कधी मान खाली घातली नाही, ती भावजयीपुढे बोलायचं धाडस गोळा करत वर्षभर फिरत होती. जेवण निम्मं व्हायचं. चालण्यातला तरातरपणा गेला.

वर्षश्राद्धाच्या आधी मला म्हणाल्या, "तू ये. तू तिथे होतीस त्या दिवशी. सगळे गेले की मी तिला सांगणार आहे. माझी चूक झाली, तुझं ऐकायला हवं होतं, असं सरळ सांगणार. एकटीने माझं तोंड उघडणार नाही."

गेले मी. लिंबायतच्या त्या गल्लीत मागांचा खडखडाट इतका, की घरातसुद्धा मोठ्याने बोलावं लागे. विधी झाला, भटजी गेले, नातेवाईक जेवून गेले. दुपारी आम्ही तिघीच खाली बसलो. वहिनीने आम्हाला वाढलं, स्वतःचं ताट घेतलं. मी बेनकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "वहिनी."

"ताई, आधी मी एक विचारू?" वहिनी म्हणाली. "वर्षभर मनात आहे. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते."

"विचार."

"त्या दिवशी खिचडी चांगली झाली म्हणाले ना? ते आजार डोक्यात चढला म्हणून म्हणाले, की त्यांना खरंच आवडली होती?"

मी हातातला घास तसाच धरून बसले. मनात म्हटलं, बेन, हेच, आता बोला. वहिनीनेच दार उघडून दिलं आहे. तो आजार होता, तू ओळखला होतास, मी हसले, एवढं म्हणायचं. आणि त्याच क्षणी मला वहिनीचा चेहरा दिसला. किती आशेने बघत होती हो ती. गुन्हेगार शोधत नव्हती. तिला ती खिचडी हवी होती.

बाहेर माग खडखडत होते.

"आवडली होती," बेन म्हणाल्या. "गाठ बघितलीस ना तू? किती बारीक होती. डोकं ठिकाणावर असल्याशिवाय अशी गाठ बसत नाही, वहिनी. पूर्ण शुद्धीत म्हणाला तो."

वहिनीने पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडते आहे, पण हसत होती. लाजल्यासारखी. "मीठ नव्हतं बघा त्यात," ती मला म्हणाली. "मीठ नव्हतं, तरी."

"हो," बेन म्हणाल्या. "तरी म्हणाला." आणि भात मागून घेतला. खाल्लाही सगळा.

मला सोडायला त्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. तिथे आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. त्यांची दोन बोटं एकमेकांवर फिरत होती, धागा नसताना. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "बेन, तुम्हाला तर सांगायचं होतं. आता कधी सांगणार?"

"आता कधीच नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या संसारात एकदा म्हणाला तो. तेवढंही मी तिच्याकडून काढून घेऊ?"